फिजीच्या काकांचा शर्ट

मी आयुष्यात एकाच माणसाचा शर्ट फाडलाय. तोही माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाचा, आणि तोही फिलाडेल्फियाच्या इमिग्रेशन ऑफिसात, ऑफिसरच्या डोळ्यांदेखत. ज्यांना ही गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक आहे ते अजूनही कुठल्या लग्नाबिग्नात भेटले की हळूच विचारतात, "काय गं, तू खरंच तसं केलं होतंस?" हो, खरंच. आणि परत वेळ आली तर परत करीन.

सत्त्याऐंशी साल होतं. नवरा स्टेट कॉलेज नावाच्या गावात, तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि मी त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून आलेली, कोल्हापूरची बी.ए. हिंदी. नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. दिवसभर दोन खोल्या आणि मी. राग मुळातच माझ्या नाकाच्या शेंड्यावर, त्यात तिथं भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. नवरा असला गरीब माणूस की त्याच्याशी भांडायला गेलं तर तोच चहा करून आणायचा.

आमच्या खालच्या मजल्यावर फिजीचा एक मुलगा राहायचा, नवऱ्याच्याच डिपार्टमेंटला. दिसायला, नावानं आपल्यातलाच. पण त्याच्या पणजोबाला इंग्रजांनी उसाच्या कामाला बोटीत घालून त्या बेटावर नेलं होतं, तेव्हापासून सगळं खानदान तिकडंच. त्या वर्षी त्यांच्या देशात लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं फुटली, जळली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचे वडील टूरिस्ट व्हिसावर त्याच्याकडं आले. बायको आधीच वारलेली, दुकान जळालेलं, हातात एक बॅग. तेच आमचे फिजीचे काका.

काका पेशानं शिंपी. उंच, हडकुळे, भर उन्हाळ्यातसुद्धा शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दाराची साखळी कायम घातलेली आणि बसायची खुर्ची दाराकडं तोंड करून. इंग्रजी जेमतेम. माझ्याशी मात्र त्यांच्या त्या गमतीदार हिंदीत बोलायचे, कारण त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये दिवसा मी एकटीच घरी असायची. माझी दोन ब्लाउजं त्यांनी हातानं शिवून दिली, आणि काय फिटिंग होतं! पण धुतलेला शर्ट घेऊन ते माझ्याकडं वर यायचे. "बेटी, जरा इस्तरी मार दे."

मी एकदा म्हटलं, "काका, कमाल झाली बाई! शिंप्याला इस्त्री येत नाही?"

ते हसले. नुसत्या ओठांनी. आणि मी इस्त्री गरम करेपर्यंत बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले.

युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच असली की त्या शनिवारी ते गाव पिसाळायचं. सकाळपासून बिअर, आरडाओरडा, रस्त्यात बाटल्या. अशाच एका शनिवारी टीम हरली असावी, कारण दुपारी पाच-सहा दांडगी पोरं आमच्या बिल्डिंगमध्ये शिरली आणि खालच्या मजल्यावरचं एकेक दार लाथेनं बडवायला लागली. "ओपन अप! ओपन अप!" मग काच फुटल्याचा आवाज आला. काकांच्या खिडकीचीच.

मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच होतं, तशीच खाली धावले. एक धटिंगण काकांच्या दारावर खांद्यानं धडका देत होता. दार उघडलेलं, साखळी तेवढी अडकलेली, आणि प्रत्येक धडकेला तिचा एकेक स्क्रू बाहेर येत होता. मी त्याच्या मनगटावर लाटणं असं हाणलं की त्याच्या हातातली बाटली फरशीवर फुटली. तो माझ्याकडं बघतच राहिला. "लेडी, आर यू क्रेझी?" मी म्हटलं, "हो, क्रेझी!" आणि पुढचं सगळं कोल्हापुरीत सांगितलं. शब्द कळले नसतील, पण अर्थ बरोबर पोचला. दुसरा जवळ आला, त्याच्या गुडघ्यावर दिलं. शिव्या घालत, लंगडत गेले एकदाचे.

मुलगा लायब्ररीत होता. मी साखळी ओढून काढली आणि आत गेले. आत काचाच काचा. काका जेवणाच्या टेबलाखाली पालथे पडले होते, दोन्ही हात डोक्यावर धरून. अंगात नुसता बनियन, आणि तो वर सरकून मानेपाशी गोळा झालेला.

पाठ उघडी होती. वळ होते, आडवेतिडवे, काळे पडलेले. आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक डाग. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, कडा वर आलेल्या, मधली कातडी चकचकीत गुलाबी. मला कळायला एक क्षण लागला. इस्त्री. अख्खीच्या अख्खी इस्त्री त्या माणसाच्या पाठीवर ठेवली होती कुणीतरी.

त्यांना माझी चाहूल लागली, त्यांनी झटक्यात बनियन खाली ओढला आणि म्हणाले, "दरवाजा." मी दार लोटलं. मग टेबलाखालूनच, माझ्याकडं न बघता म्हणाले, "किसी को बोलना नहीं."

मी बोलले. त्यांच्या मुलाशीच बोलले. तळघरात कपडे धुवायची मशिनं होती, तिथं त्याला गाठलं. आधी तो टाळत राहिला, मग मशिनच्या घरघरीत त्यानं सगळं सांगितलं. लष्करानं सत्ता घेतल्यावर बाजारात एक घोळका शिरला, तोंडं फडक्यांनी बांधलेली. भारतीयांची दुकानं शोधून शोधून फोडत आले. काका कात्री घेऊन दुकानाच्या दारात उभे राहिले. त्यांना फरफटत बाहेर काढलं, अंगातला शर्ट टराटरा फाडला, गटारात गुडघ्यांवर बसवलं आणि त्यांच्याच दुकानातल्या लोखंडी गजानं मारलं. मग एक जण आत जाऊन टेबलावरची इस्त्री घेऊन आला. गरमच होती, काकांनी नुकतीच बंद केलेली. समोर पोलीस चौकी, पण चौकीतनं कुणी बाहेर आलं नाही. आजूबाजूला सगळे ओळखीचे लोक. ज्यांचे कपडे शिवले त्या बायका बघत होत्या.

"मार लागला त्याचं ते एवढं धरून नाही बसलेत," मुलगा म्हणाला. "सगळ्यांसमोर उघडं केलं, ते त्यांना सहन होत नाही. माझ्यासमोरसुद्धा शर्ट काढत नाहीत, दीदी. डॉक्टरकडं जात नाहीत."

त्याच पानगळीत त्यांच्या देशात दुसऱ्यांदा उलथापालथ झाली, आणि देश कॉमनवेल्थमधून बाहेर पडला. आम्हाला ती बातमी म्हणजे पेपरातल्या चार ओळी. पण काकांनी बॅगेतून पासपोर्ट काढला आणि आत इंग्लंडच्या राणीच्या नावानं छापलेल्या मजकुरावर बोट ठेवून बसून राहिले. सगळी हयात त्यांचा समज होता की कधी वेळ आलीच तर आपण राणीची माणसं आहोत. भाऊ इंग्लंडमध्ये होता, तो बोलवून घेणार होता. आता भावाचा फोन आला, की इथं सगळे विचारतात, तुमचा देशच बाहेर पडला, मग तुम्ही कुठल्या नात्यानं येणार? खरा कायदा काय होता देव जाणे, पण भावानं हात झटकले ते झटकलेच.

दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, आमच्यातल्या एका इंजिनिअरनं हातातली डिश न ठेवता सल्ला दिला, "मग सिंपल आहे, इंडियात परत जा ना!"

काका शांतपणे म्हणाले, "वापस? हम कब गया था वहाँ से?"

त्यांनी भारत उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्यानं मला दंडाला धरून बाहेर थंडीत नेलं. चांगलं केलं, नाहीतर त्या इंजिनिअरची डिश त्याच्याच डोक्यावर गेली असती.

व्हिसा संपत आला होता. राहता राहिला एकच रस्ता, आश्रयाचा अर्ज. गावातल्या एका वकील बाईंनी तो फुकट भरून दिला आणि बजावलं, की अर्जात नुसतं 'मारहाण झाली' एवढंच आहे, बाकी हे काही सांगतच नाहीत, तेव्हा आता सगळं इंटरव्ह्यूवर आहे. परत जायची भीती का वाटते हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. नाही सांगितलं तर परत पाठवतील. दुभाषी घरातला चालणार नव्हता, म्हणून माझी नेमणूक झाली. बी.ए. हिंदीचा तेवढा एकच उपयोग झाला मला अमेरिकेत.

आणि मग आपल्या लोकांनी मदत केली. देवा रे, काय ती मदत!

गावाबाहेर एक मराठी डॉक्टर राहायचे, मोठं घर, लांब ड्राइव्हवे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. मनानं सोन्यासारखी बाई. भारतातून नव्यानं येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या रात्री त्यांच्याकडं वरणभात मिळायचा. त्यांनी काकांना घरी बोलावून इंटरव्ह्यूची तयारी करून घ्यायला घेतली. आम्ही सगळेच कधी ना कधी व्हिसासाठी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर उभे राहिलेलो. तिथं काय करायचं हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. कडक इस्त्रीचा शर्ट. ताठ बसायचं. डोळ्यांत डोळे घालून हसायचं. घरी सगळं उत्तम आहे, काही अडचण नाही, कुणाकडून काही नको. रडका चेहरा केला की व्हिसा गेलाच म्हणून समजा.

तेच सगळं त्यांनी काकांना शिकवलं. सोफ्यावर बसवून माझा नवरा ऑफिसर झाला, डॉक्टरकाका मार्क देत होते. "काका, रडगाणं नको हं," काकू म्हणाल्या. "चांगल्या घरचा माणूस वाटला पाहिजे त्यांना." आणि ऑफिसरसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा!

मी म्हटलं, "काकू, हा काय नोकरीचा इंटरव्ह्यू आहे? त्यांना मारलंय हे सांगायचंय तिथं!"

काकू म्हणाल्या, "अगं, असं चारचौघांत कुणी सांगतं का?"

जिन्यात त्यांची सोळा वर्षांची मुलगी बसली होती. ती वरूनच म्हणाली, "व्हाय कान्ट ही जस्ट टेल देम?"

"तू गप," काकू म्हणाल्या. "तुला नाही कळत त्यातलं."

काकांना मात्र ती शिकवण फार आवडली. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना सांगत होतं की लपवणंच बरोबर आहे.

फिलाडेल्फियाला आम्ही नवऱ्याच्या खटारा गाडीतून गेलो. बाहेर बर्फ, गाडीचा हीटर बंद, काकांच्या मांडीवर लाडवांचा डबा. पांढरा शर्ट मीच इस्त्री केला होता. मुलगा आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसले, मी आणि काका आत.

ऑफिसर जाडसर, थकलेला आणि चक्क सभ्य माणूस निघाला. लाडू त्यानं हसून परत केले. मला बजावलं, हे जे बोलतील तेवढंच सांगायचं, पदरचं काही नाही. मी मान हलवली.

"तुम्हाला कुणी इजा केली का?"

काका ताठ बसले, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हसले. अगदी सोफ्यावर शिकवलेलं तसं. "नहीं साहब. थोड़ा धक्का-मुक्की. अब सब ठीक है."

मी तसंच्या तसं सांगितलं.

"अर्जात तर मारहाण झाली असं लिहिलंय."

"सब को पड़ा, हम को भी थोड़ा पड़ा."

मी सांगितलं. ऑफिसरनं काहीतरी लिहिलं आणि पेन आडवं ठेवलं. मी त्या पेनाकडं बघत होते. मग त्यानं तो प्रश्न विचारला. "परत जायची तुम्हाला भीती वाटते का?"

काका छाती काढून म्हणाले, "मरद आदमी नहीं डरता, साहब."

आता हे मी इंग्रजीत सांगायचं, आणि काकांनी विमानात बसायचं. मी गप्प राहिले. ऑफिसर म्हणाला, "मॅडम, प्लीज ट्रान्सलेट." मी काकांकडं वळले आणि हिंदीत म्हटलं, "काका, खरं सांगा. तुमच्या पाया पडते. ते परत मारतील तुम्हाला." ते हसतच होते. "सब ठीक है, बेटी." ऑफिसरचा आवाज चढला, की मॅडम, आपसात बोलू नका, नाहीतर इंटरव्ह्यू इथंच थांबवावा लागेल. काका त्याच्याकडं बघून मान डोलवत होते, हसत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते टेबलाखाली पालथे पडलेले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काकांचा राग आला, काकूंचा आला, त्या लाडवांचा आला, आमच्या सगळ्यांच्या त्या घाणेरड्या 'सगळं उत्तम'चा आला. मी उठले, त्यांची कॉलर मागून दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन खाली ओढली. बटणं उडाली. एक टेबलावर जाऊन टणकन वाजलं. त्यांनी माझे हात धरले, ओरडले, "नहीं! बेटी, नहीं!" आम्ही दोघं अक्षरशः झटापट करत होतो. खुर्ची पडली, लाडू खोलीभर गडगडले. त्यांच्या कोपराचा फटका माझ्या ओठावर बसला, तोंडात रक्त आलं, पण मी बनियनसकट शर्ट खांद्यांखाली ओढलाच आणि त्यांना पाठमोरं फिरवलं.

"धिस इज द आन्सर!" मी किंचाळले. "ट्रान्सलेट करू?"

दारातून गार्ड आत आला, त्यानं मला मागून आवळलं. ऑफिसरनं हात वर करून त्याला थांबवलं. तो उभा राहिला होता. मग हळू आवाजात म्हणाला, "इज दॅट अ... इज दॅट ॲन आयर्न?"

काका भिंतीकडं तोंड करून उभे होते. दोन्ही हातांनी शर्टाच्या चिंध्या छातीशी धरलेल्या. आणि ते थरथरत होते, नखशिखान्त. आता कुणाला भीतीबद्दल काही विचारायची गरज नव्हती.

ऑफिसरनं स्वतःचा कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला. मला बाहेर काढलं. पुढं दुसरा दुभाषी बोलावला, फोटो काढले, डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. ते नंतर आमच्या डॉक्टरकाकांनीच दिलं. मला आत घेतलं नाही परत.

बाहेर पार्किंगमध्ये काका माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत दिली. अशी सणसणीत, की कानात शिट्टी वाजली. माझा गरीब नवरा पुढं धावला, त्याला मी अडवलं.

"उन लोगों ने भी यही किया था," काका म्हणाले. "यही."

मी म्हटलं, "मारा. अजून मारा. पण तुम्हाला परत जाऊ देणार नाही." आणि तिथंच त्या चिखलबर्फात भोकाड पसरून रडले.

त्यानंतर काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जिन्यात दिसले की भिंतीकडं बघायचे. शर्ट चुरगळलेलेच घालायचे, पण माझ्याकडं आणत नव्हते. काकूंनी एकदा फोन करून म्हटलं, "अगं, तू असं करायला नको होतंस गं," आणि मग त्याच फोनवर रडत बसल्या. मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. चुकलं असं वाटत होतं का? नाही. लाटणं घेऊन धावले तेव्हा नाही वाटलं, तर आता का वाटावं?

बर्फ वितळलं, उन्हाळा आला. एका दुपारी मुलगा तीन-तीन पायऱ्या ओलांडत वर आला, हातात पाकीट. काकांना राहायची परवानगी मिळाली होती. मी देवापुढं साखर ठेवली आणि खाली गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं?

दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. काका होते. हातात तो पांढरा शर्ट, धुतलेला, फाटलेलं सगळं रफू करून नीट घडी केलेला, समोर मात्र एकही बटण नाही. दुसऱ्या हातात सुई, दोरा आणि एका पुडीत बटणं.

"जिसने तोड़ा, वही लगाएगा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, तुम्ही शिंपी, मला हसाल."

"हँसेगा."

ते आत आले. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले, आणि अंगातल्या शर्टाची बटणं गळ्यापासून एकेक करत सोडायला लागले. मी सुईत दोरा ओवत होते, माझा हात थांबला. त्यांनी शर्ट काढला, बनियन काढला, दोन्ही खुर्चीवर टाकलं. उकडत होतं खरं त्या दिवशी. पंख्याचा वारा त्यांच्या पाठीवर येत होता. मी पहिलं बटण लावलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "निकाल. टेढ़ा है." मी उसवलं, परत लावलं.

बाहेर जिन्यात पोरांचे आवाज आले. जोरजोरात हसणं, बाटल्यांची किणकिण, वर येणारी पावलं. मी लगबगीनं उठले आणि दार लावायला निघाले.

"रहने दे," काका म्हणाले. "खुला रहने दे."

पोरं दारावरून गेली. त्यांतला एक थबकला, आत बघितलं, त्याचं हसणं बंद झालं आणि तो पुढं गेला. काका वळले नाहीत, दाराकडं पाठ करून तसेच बसून राहिले. त्यांनी माझ्या हातातलं दुसरं बटण बघितलं आणि म्हणाले, "ये भी टेढ़ा है."